नववीच्या पुस्तकातील डाऊन सिंड्रोम : एका परिच्छेदाची तपासणी

बालभारतीने २०१७ साली काढलेल्या इयत्ता नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पाठ्यपुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा आहे. धडा एकंदरीत चांगला आहे. गुणसूत्रे, जनुके, मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग अशा पायऱ्या चढत तो माणसातील विकारांपर्यंत येतो. गुणसूत्रांच्या संख्येत बदल झाल्याने होणाऱ्या विकारांत डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा. त्यावर परीक्षेत टीप येते, मुले लक्षणे पाठ करतात, गुण मिळवतात आणि विषय संपतो.

एवढ्याशा परिच्छेदावर लेख कशाला, असे वाचकांना वाटेल. पण हा मजकूर केवळ परीक्षेसाठी वाचला जात नाही. दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातील एखाद्या गावात बाळ जन्माला येते, डॉक्टर 'डाऊन सिंड्रोम' हे दोन शब्द सांगतात, आणि घरची मंडळी ते शब्द घेऊन परत येतात. घरात याविषयी मराठीत छापलेले असे बहुधा एकच पान असते, आणि ते नववीतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरात असते. "तुझ्या पुस्तकात काय दिलं आहे ते वाच बरं," असे तिला सांगितले जाते. ती वाचते आणि घर ऐकते. मोबाइलवर खूप काही मिळते हे खरे, पण शाळेच्या पुस्तकावर लोकांचा विश्वास वेगळाच असतो.

म्हणून या परिच्छेदाला आम्ही तीन प्रश्न विचारणार आहोत. लिहिलेले खरे आहे का? ते पुरेसे आहे का? आणि ज्यांच्या घरी ही गोष्ट घडली आहे, त्यांना ते उपयोगी पडते का?

नाव

परिच्छेदात डाऊन सिंड्रोमच्या जोडीला 'मंगोल' या शब्दावरून बनवलेले जुने नावही दिले आहे. या नावाचा इतिहास शिक्षकांना माहीत असायला हवा. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचे वर्णन प्रथम नीट लिहून ठेवले. त्या काळी युरोपात माणसांचे वंश वरचे आणि खालचे असतात अशी समजूत होती. मुलांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून डाऊन यांनी त्यांची तुलना मंगोल वंशाशी केली आणि ते नाव चिकटले.

१९५९ साली पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पें यांनी या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. कारण सापडल्यावर वंशाशी जोडलेल्या नावाला काही आधार उरला नाही. १९६१ साली १९ शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून ते नाव टाकून द्यावे असे सुचवले. १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. ज्या नावाला विज्ञानाने साठ वर्षांपूर्वी निरोप दिला, ते २०१७ च्या पुस्तकात पर्यायी नाव म्हणून यावे हे बरोबर नाही. इतिहास सांगायचा असेल तर इतिहास म्हणून सांगावा.

आणखी एक लहान गोष्ट. 'डाऊन' हे आडनाव आहे हे वर्गात सांगितले पाहिजे. अनेक मुले त्याचा अर्थ 'खाली' असा लावतात, आणि मग हे मूल खालच्या दर्जाचे असा अर्थ आपोआप जोडला जातो.

आकडा

सर्वांत घातक आहे तो आयुर्मर्यादेचा आकडा. या व्यक्ती साधारण १६ ते २० वर्षे जगतात, असे परिच्छेद सांगतो. बाळ पंधरा दिवसांचे असताना हे वाक्य ऐकणाऱ्या आईची कल्पना करावी.

हा आकडा कोणत्या काळात शोभला असता? इंग्लंडमध्ये १९२९ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान ९ वर्षे धरले जाई. अमेरिकेतील मृत्यूच्या दाखल्यांच्या अभ्यासात मृत्यूच्या वेळचे मध्यक वय १९८३ साली २५ होते, तर १९९७ साली ४९. आज प्रगत देशांत ते साठीच्या आसपास आहे. म्हणजे पुस्तकातील आकडा १९८३ च्याही मागचा आहे. तो निसर्गाने ठरवलेला नव्हता. त्या काळी हृदयाच्या शस्त्रक्रिया होत नसत आणि कित्येक मुलांना घरापासून दूर संस्थांमध्ये ठेवून दिले जाई, त्या परिस्थितीचा तो आकडा होता.

गणिताच्या शिक्षकांना येथे एक चांगले उदाहरण मिळेल. समजा, दहा मुले आहेत. त्यांपैकी चार मुले हृदयातील दोषावर उपचार न झाल्याने पहिल्याच वर्षी दगावली आणि उरलेली सहा ५५ वर्षे जगली. सरासरी काढा. चारांची मिळून ४ वर्षे, सहांची ३३०, एकूण ३३४, भागिले १० म्हणजे ३३.४ वर्षे. पण तेहतिसाव्या वर्षी त्यांच्यातले कोणीच गेले नाही. सरासरी कोणाही एका मुलाचे भविष्य सांगत नाही, आणि ती वाढवायची असेल तर लक्ष कोठे द्यायचे हेही याच गणितातून कळते : पहिल्या वर्षाकडे, आणि त्यातही हृदयाकडे.

आपल्याकडे या उपचारांची सोय प्रगत देशांइतकी सर्वत्र नाही, हे आम्ही विसरत नाही. पण मग पुस्तकाने उपचारांविषयी लिहावे. मुदत लिहू नये.

दोष कोणाचा?

आता समजा, मुलगी अकोल्याची आणि सासर अमरावतीचे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी. निदान अकोल्यात होते आणि बातमी अमरावतीला कळवायची असते. कळवणारे वडील फोन हातात घेऊन बसून राहतात, कारण पलीकडून काय ऐकू येईल ते त्यांना ठाऊक असते : "आमच्या घरान्यात असं कोनी नाई. हे तिच्या माहेरून आलं."

या वाक्याला उत्तर द्यायचे काम विज्ञानाच्या पुस्तकाचे होते. पण पुस्तकाने हा विकार आनुवंशिकतेच्या धड्यात घातला आणि तो बहुतेक वेळा आई-वडिलांकडून वारशाने आलेला नसतो, हे मात्र ठळकपणे सांगितले नाही. धड्याचे नावच साक्षीला असल्यावर माहेरवर ठपका येणारच.

प्रत्यक्षात घडते ते असे. बीजांड आणि शुक्रपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते आणि ४६ गुणसूत्रांची २३ होतात. एखाद्या वेळी २१ व्या जोडीतील दोन्ही गुणसूत्रे वेगळी न होता एकाच बाजूला जातात. मग एका पेशीत २४ गुणसूत्रे येतात आणि फलनानंतर २४ अधिक २३ म्हणजे ४७ होतात. डाऊन सिंड्रोमच्या शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव मुलांत हेच घडलेले असते. ही चूक बहुतेक वेळा बीजांडात होते, काही वेळा शुक्रपेशीत.

'बीजांडात' हे ऐकून पुन्हा आईला दोष देण्याची घाई होईल. म्हणून पुढची गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी. स्त्रीच्या बीजांडांचे हे विभाजन ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू होते, मध्येच थांबते, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्या त्या बीजांडाची पाळी आली की पुरे होते. इतका काळ थांबलेली गुणसूत्रे कधी कधी नीट सुटी होत नाहीत. गरोदरपणात ग्रहण पाहिले, पपई खाल्ली, जड उचलले, नवससायास चुकले यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आईने काही वेगळे केले असते तर हे टळले असते, असे कोणतेही काम नव्हते.

वयाचेही तसेच. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते : विसाव्या वर्षी सुमारे दीड हजारांत एक, चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरात एक. पण बहुतेक बाळंतपणे तरुण वयात होत असल्याने डाऊन सिंड्रोमची बरीच मुले तरुण आयांनाच होतात. "एवढ्या लहान वयात तुला कसं झालं?" या प्रश्नात जो संशय असतो त्याला शास्त्राचा आधार नाही.

येथे पुस्तकातील आणखी एक विधान दुरुस्त केले पाहिजे. शरीरातील प्रत्येक पेशीत जादा गुणसूत्र असते, हे सर्वच मुलांच्या बाबतीत खरे नाही. शंभरात एक-दोन मुलांच्या काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ गुणसूत्रे असतात. आणखी तीन-चार मुलांत २१ व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला, बरेचदा १४ व्याला, जोडलेला असतो. या शेवटच्या प्रकारातच तो जोड आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. बाळाची गुणसूत्र तपासणी करून घ्यायची ती याचसाठी. नुसते रूप पाहून प्रकार कळत नाही, आणि पुढच्या बाळाविषयीचा सल्ला प्रकारावर अवलंबून असतो. नेहमीच्या प्रकारात तरुण आईच्या बाबतीत पुन्हा असे होण्याची शक्यता शेकडा एकच्या आसपास असते.

जे लिहिलेच नाही

याच धड्यात सिकलसेल ॲनिमियाचाही भाग आहे आणि तो फार चांगला उतरला आहे. तपासणी कोठे होते, काय काळजी घ्यावी, कोणती गोळी घ्यावी, सारे त्यात आहे. विदर्भातील मुलांना हा मजकूर खरोखर उपयोगी आहे. म्हणजे पाठ्यपुस्तकाला असे लिहिता येते. मग डाऊन सिंड्रोमचा परिच्छेद बुटकी मान, चपटे नाक, तळहातावरील एकच आडवी रेघ अशी खूण-यादी देऊन का थांबतो? खुणा ओळखण्यासाठी असतात. ओळखल्यावर काय करायचे, हा घरच्यांचा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर काही गुपित नाही. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. म्हणून बाळ रडते-हसते, दिसायला ठीक आहे, म्हणून थांबू नये. पहिल्या काही आठवड्यांतच हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे लोक जिला 'इको' म्हणतात ती, करून घ्यावी. थायरॉइडची रक्ततपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. कानांची आणि डोळ्यांची तपासणी ठरावीक काळाने. ऐकू कमी येत असेल तर बोलणे मागे पडते आणि सारा दोष बुद्धीच्या माथी मारला जातो.

बाळाचे स्नायू सैल असल्याने अंगावर पाजताना वेळ लागतो. याचा अर्थ बाळाला दूध ओढता येणार नाही असा नव्हे. बाळंतिणीजवळ धीराने बसणारे एक माणूस लागते, एवढेच. व्यायाम, खेळ आणि बोलण्याचा सराव पहिल्या महिन्यांपासून सुरू करायचा. बरीचशी मुले दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, काही आणखी उशिरा. बोलणे त्याहून सावकाश येते. समज मात्र बोलण्याच्या पुढे असते, म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी काहीही बोलू नये.

यासाठी सरकारी व्यवस्थाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत डाऊन सिंड्रोम नावानिशी आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. अमरावतीच्या डफरीन किंवा इर्विनमध्ये, अकोल्याच्या स्त्री रुग्णालयात किंवा शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेल्यावर या केंद्राचे नाव घेऊन विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पात्र मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. यातली दोन वाक्ये जरी परिच्छेदात असती, तरी नववीतली ती मुलगी घरात काही आधाराचे वाचू शकली असती.

दुसरे टोक

पुस्तकाच्या निराशेला उतारा म्हणून पुष्कळ शिक्षक 'यलो' हा मराठी चित्रपट दाखवतात. पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या आयुष्यावर बेतलेला, महेश लिमये यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१४ साली आला. गौरी यांनी स्वतः त्यात काम केले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी स्वतःच्या भूमिकेत दिसते, ही मोठी गोष्ट आहे. चित्रपट जरूर दाखवावा.

पण दाखवून झाल्यावर एक प्रश्न विचारावा : जिला पदक मिळणार नाही तिचे काय? दिव्यांग मूल मोठे यश मिळवते तेव्हाच आपण त्याला जवळ करतो, ही सवयही तपासून पाहण्यासारखी आहे. कोणी पोहेल, कोणी दुकानात वस्तू मोजून देईल, कोणी घरातली कामे करील, आणि कोणाला आयुष्यभर बरीच मदत लागेल. पुस्तक सांगते तसे सगळे संपत नाही, आणि चित्रपट सुचवतो तसे सगळे जिंकतही नाहीत. घरच्यांना या दोहोंमधली माहिती हवी असते.

ती न मिळाल्यास काय होते, हे वऱ्हाडाने पाहिले आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवले, त्यांना स्वतःचे आडनाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने बातमी वाचली. पण त्या कामाचा खरा मान राखायचा तर मूल तेथवर पोचूच नये, असा प्रयत्न आपापल्या गावी करावा लागेल. ज्या घराला पहिल्या महिन्यात आधार मिळतो, ते घर मुलाला सहसा सोडत नाही, असे आम्हांला वाटते.

शिक्षकांनी काय करावे

पुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत शिक्षकांच्या हातात बरेच आहे. धडा शिकवताना आयुर्मर्यादेचा आकडा वर्गातच दुरुस्त करावा आणि जुन्या नावावर काट मारायला सांगावी. लक्षणांची यादी शिकवताना वर्गातल्या कोणाच्या घरी असे भावंड असू शकते, हे ध्यानात ठेवावे. त्या मुलाला उभे करून "सांग बरं" असे करू नये. त्याला स्वतःहून काही सांगावेसे वाटले तर ऐकावे.

गावात असे बाळ जन्मल्याचे कळले तर इतर बाळांसाठी जातो तसेच बाळंतविडा घेऊन जावे. बाळाला मांडीवर घ्यावे, नाव विचारावे, अभिनंदन करावे. सांत्वनाला गेल्यासारखे बोलू नये. मागच्या जन्मीचे भोग हे तर नकोच, पण देवाने निवडून तुमच्याकडे पाठवले, हेही त्या दिवशी आईला पेलत नाही. बारसे नेहमीसारखे करा, असे आजीला सांगावे. शिक्षकाचा शब्द गावात अजून मानतात. आणि आजोबांना गुणसूत्रांचे चित्र काढून दाखवावे, म्हणजे 'माहेरून आलं' हे वाक्य निदान पुन्हा उच्चारले जाणार नाही.

परिच्छेदावर टीका केली तेव्हा तो कसा असावा हेही सांगणे आमचे काम आहे. आम्ही तो असा लिहिला असता :

डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक व्यक्तींच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. जगात सुमारे ८०० जन्मांत एक बाळ असे असते. हा बदल बहुधा बीजांड तयार होताना योगायोगाने होतो. तो कोणाच्या चुकीमुळे होत नाही आणि क्वचितच वारशाने येतो. तो संसर्गाने पसरत नाही. या मुलांची वाढ आणि शिकणे सावकाश होते, पण होते. अनेकांच्या हृदयात दोष असतो, म्हणून जन्मानंतर लवकर तपासणी करावी. हृदय, थायरॉइड, कान आणि डोळे यांवर वेळीच उपचार झाले आणि लहानपणापासून सराव मिळाला, तर त्या पन्नाशी-साठीपर्यंत जगू शकतात, शाळेत जातात, काही जण कामही करतात. तपासणीसाठी जवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २१ मार्च हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१२ पासून जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख.

हा मजकूर जुन्या परिच्छेदाहून फार लांब झालेला नाही. यावरही टीप विचारता येते आणि गुण देता येतात. शिक्षकांनी तो फळ्यावर लिहून द्यावा आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यावा. कोणत्या वहीची कोणत्या घरात केव्हा गरज पडेल, हे आपल्याला आधी कळत नाही.